‘हवालदार नाक्यावर उभा होता’ : लढाईच्या जुन्या शब्दांविषयी

मोगल सरदार मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान यांनी १६६५ मध्ये पुरंदर गडाला घातलेल्या वेढ्यावर नाटक लिहिणाऱ्या एका हौशी लेखकाने निवेदकाच्या तोंडचा एक उतारा पाठवला आहे. यातले शब्द त्या काळाला धरून आहेत का, आणि युद्धाची जुनी भाषा शिकायची कुठून, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. उतारा असा :

‘दिलेरखानाचा मोर्चा पुरंदराकडे निघाला. शिवरायांचे पाचशे बारगीर आपापली घोडी घेऊन गडाखाली जमले. गडाचा हवालदार नाक्यावर उभा होता. गारद्यांनी बंदुका सरसावल्या, बाण सुटू लागले, धनुष्यांचा टणत्कार झाला, आणि गनिमी काव्याने लढत मराठ्यांनी शिकस्त केली.’

मोडी कागद वाचणे आणि ऐतिहासिक कादंबऱ्या-नाटकांचे मसुदे तपासून देणे हे माझे नित्याचे काम आहे, त्यामुळे असे उतारे सारखे समोर येतात. तुमचा उतारा त्यातला वाईट नाही. पण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत एकच गोष्ट घडते आहे. ‘जेजाला’, ‘शुतरनाळ’, ‘जंबुरका’ असे अनोळखी शब्द आले की आपण थबकतो, कोश उघडतो, विचारतो. जे शब्द आजही रोज तोंडात आहेत त्यांच्याबाबत मात्र कोणी विचारत नाही. मोर्चा, हवालदार, बाण, शिकस्त हे आपल्याला ठाऊकच आहेत असे वाटते. मराठीतले निम्मे सार्वजनिक जीवन लष्करी शब्दांवर चालते. क्रिकेट, निवडणूक, आंदोलन, अगदी जत्रासुद्धा. शब्द टिकले, अर्थ सरकले. घात तिथेच होतो.

मोर्चापासून सुरू करू. तेव्हाचा मोर्चा निघत नसे, तो लावला जाई. मोर्चा म्हणजे वेढा घालणाऱ्यांनी गडाच्या समोर माती, दगड, लाकूड रचून केलेला आडोसा. त्यामागे तोफा आणि बंदूकवाले. मोर्चे लावायचे, मग ते रात्री-अपरात्री खणत, चर काढत पुढे सरकवायचे; याला ‘मोर्चे चालवणे’ म्हणत. म्हणजे मोर्चा चालतो खरा, पण दिवसाला काही हात. ‘मोर्चेबांधणी’ हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांत आजही जुन्या अर्थाच्या जवळ आहे, आणि ‘त्याने आपला मोर्चा माझ्याकडे वळवला’ म्हणताना आपण नकळत तोफेचे तोंड फिरवत असतो. घोषणा देत चालणारा जमाव हा अर्थ अलीकडचा. खानाची फौज पुरंदराकडे ‘कूच’ करील, गडाला ‘वेढा’ घालील, आणि मग ‘मोर्चे लावील’. तीन क्रिया, तीन शब्द, आणि याच क्रमाने.

पुरंदरच्या वेढ्यात ‘दमदमा’ वापरला नाही तर रंगत गेली म्हणून समजा. तटाच्या उंचीशी बरोबरी करता यावी म्हणून उभारलेला मातीचा किंवा लाकडी ओंडक्यांचा उंच चौथरा म्हणजे दमदमा. मिर्झाराजा जयसिंगाच्या लोकांनी पुरंदरासमोर असा लाकडी दमदमा उभा करून वर तोफा चढवल्या आणि सफेद बुरुजावर मारा केला. त्या बुरुजाची आणि त्यामागच्या काळ्या बुरुजाची झुंज हाच या वेढ्याचा गाभा. रंगमंचावर दाखवायलाही दमदमा सोपा, चार फळ्यांत उभा राहतो.

आता बारगीर. ‘बारगीर आपापली घोडी घेऊन जमले’ हे वाक्य त्या काळच्या माणसाने ऐकले असते तर हसला असता. आपला घोडा असता तर तो बारगीर झालाच नसता! ज्याला घोडा सरकार देते तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. सरकारी घोड्यांचा तबेला आणि त्यावर बसणारे स्वार मिळून ‘पागा’. हा फरक नुसता मालकीचा नाही. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजीरोटी मेली, म्हणून तो घोडा जपून लढणार हे उघड आहे. बारगिराचा घोडा पडला तर पागेतून दुसरा मिळे, पण तो माणूसही पागेचा. त्याची निष्ठा आणि शिस्त दोन्ही सरकारच्या हातात. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता, शिलेदारांना त्यांनी पागेच्या वरचढ होऊ दिले नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांवरच्या आपल्या बखरीत हे स्पष्ट लिहिले आहे. त्याच्या हिशेबात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. गुणाकार करून पाहा : पंचवीस गुणिले पाच गुणिले दहा, म्हणजे हजारीच्या हाताखाली भरतात १२५० स्वार. नावावरून आकडा काढू नका, हे मी मसुद्यांच्या समासात सतत लिहितो त्याचे कारण हे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंदही तो सांगतो. पाणी आणि नाल! मोठमोठ्या रणवर्णनांत ही दोन माणसे कधी दिसत नाहीत, आणि तुमच्या नाटकात एखादा नालबंद बोलला तर मला फार आवडेल.

पंचहजारीचे आणखी एक लचांड आहे. सभासदाचा पंचहजारी हा सैन्यातला हुद्दा. मोगलांची ‘पंचहजारी’ ही मनसब, म्हणजे दरबारातला दर्जा. पुरंदरच्या तहात संभाजीराजांना पाच हजारांची मनसब ठरली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यांनी कुठे पाच हजार स्वार चालवायचे नव्हते. एकच शब्द, दोन दरबार, दोन अर्थ. तुमच्या शेवटच्या प्रवेशात हा तह येणारच, तेव्हा जपा.

बारगीर बंगालात जाऊन काय झाला तेही सांगून टाकतो, विषयांतर आहे पण गमतीचे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून सुमारे दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. तिथल्या लोकांनी ‘बारगीर’चे ‘बर्गी’ केले, आणि पोरांना झोपवायच्या अंगाईगीतात तो शब्द जाऊन बसला; बर्गी येतील, झोप आता. आपल्याकडचा पगारी घोडेस्वार तिकडे बागुलबुवा झाला.

हवालदाराकडे येऊ. आज हवालदार म्हणजे पोलीस ठाण्यातला किंवा पलटणीतला खालच्या पायरीचा माणूस, म्हणून तुम्ही त्याला नाक्यावर उभा केलात. गडाचा हवालदार हा गडाचा मुख्य अधिकारी. किल्ल्या त्याच्याकडे, दरवाजा उघडायचा-लावायचा हुकूम त्याचा. त्याच्या जोडीला हिशेब-दफ्तर पाहणारा सबनीस आणि सरनोबत, तिघेही एका तोलाचे, म्हणजे कोणी एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये. शिवाय धान्य-सामान पाहणारा कारखानीस. हाच ‘हवालदार’ शब्द पागेत पंचवीस स्वारांच्या नायकालाही लागतो. म्हणून जुन्या कागदात ‘हवालदार’ दिसला की आधी विचारायचे : कशाचा? गडाचा, पागेचा की पायदळाचा? तसेच सरनोबत. नेतोजी पालकर सरनोबत होते ते साऱ्या घोडदळाचे. आणि गडावरही एक सरनोबत असतोच. दोघांना एकाच मापाने मोजले की गोंधळ उडतो.

पुरंदर लढवणाऱ्या मुरारबाजींना मात्र हवालदार करू नका. सभासद त्यांना ‘नामजाद’ लोकांचा सरदार म्हणतो. गडावर कायम राहणारी, आसपासच्या गावांतली माणसे ती ‘शिबंदी’. एखाद्या मोहिमेसाठी किंवा अडचणीच्या वेळी वरून नेमून पाठवलेली माणसे ती नामजाद. हा भेद नाटकाला आयता मिळालेला संघर्ष आहे : घरदार पायथ्याशी असलेली शिबंदी आणि बाहेरून आलेले नामजाद, दोघे एका तटावर. मला नाटक लिहिता येत नाही, पण आले असते तर हेच लिहिले असते.

गारदी १६६५ मध्ये नाहीत. नाहीत म्हणजे नाहीतच. पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकलेले बंदूकधारी पायदळ म्हणजे गारदी, आणि ते आपल्याकडे अठराव्या शतकाच्या मध्याला आले, फ्रेंचांच्या तालमीतून. इब्राहिमखान गारदी १७६१ मध्ये पानिपतावर लढला. १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला, तेव्हापासून हा शब्द मराठी मनात मारेकऱ्याचा झाला. तुम्हाला हवा आहे तो साधा ‘बंदुकी’ किंवा ‘बरकंदाज’. पायदळाला सरसकट ‘हशम’, त्यातल्या शिपायाला ‘पाईक’. पाईक तर तुकोबांच्या अभंगांतही आहे, तेव्हा महाराजांच्या काळासाठी तो अगदी निर्धोक. बंदूकही चाप ओढला की ठो करणारी नव्हे, ‘तोड्याची’. तोडा म्हणजे पेटती वात. ती सतत धुमसत ठेवायची, पावसात विझू द्यायची नाही, रात्री तिचा लाल ठिपका शत्रूला दिसू द्यायचा नाही. नळीच्या कानाशी ‘रंजक’ म्हणजे बारीक दारू घालायची आणि तोडा टेकवायचा. ‘गारद्यांनी बंदुका सरसावल्या’च्या ऐवजी ‘बंदुक्यांनी तोडे फुंकले’ म्हणा. फुंकून निखारा जागा करावा लागे, आणि नटालाही हाताला काहीतरी काम मिळते.

याच ओघात ‘पलटण’ आणि ‘कंपू’ही वगळा. पलटण इंग्रजांमुळे आली. कंपू महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन या युरोपी सेनानीने उभारलेल्या कवायती फौजांचा. आज घरातल्या पोरांची पलटण असते आणि साहित्यिकांचा कंपू. तेव्हा मात्र दोन्ही शब्द तुमच्या नाटकानंतर शंभर वर्षांनी जन्माला येणार होते.

सर्वांत फसवा शब्द बाण. उत्तर मराठेशाहीच्या कागदांत ‘बाण’ म्हणजे बहुतेक वेळा अग्निबाण : नळकांड्यात दारू ठासून, वेळूची काठी बांधून सोडायचा. तो घोड्यांच्या पायात सरपटत शिरला की रांगा उधळत. ‘बाणांचे उंट’, ‘बाणदार’ असे उल्लेख कागदांत येतात. धनुष्यातून सुटतो तो ‘तीर’, धनुष्य ती ‘कमान’, सोडणारा ‘तिरंदाज’. मोगली फौजेत दोन्ही होते, त्यामुळे तुम्हाला दोन्ही ठेवता येतील. फक्त ‘बाण सुटू लागले’ला लागून ‘धनुष्यांचा टणत्कार’ आला की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर कुरुक्षेत्र उभे राहते. पुराणाची भाषा आणि दफ्तराची भाषा एका वाक्यात मिसळू नये, एवढेच माझे म्हणणे.

असाच दुसरा शब्द ‘भांडी’. गडावरच्या सामानाच्या यादीत ‘भांडी लहानथोर’ असे दिसले की ती स्वयंपाकघरातली नव्हेत, तोफा आहेत. एका उत्साही तरुणाने अशा यादीवरून गडावर केवढा मोठा मुदपाकखाना होता याचा लेख लिहून माझ्याकडे पाठवला होता. त्याला दोष देत नाही, कागदावर अक्षर न अक्षर तेच होते. ‘भांडणे’ हे क्रियापदही तसेच : जुन्या मराठीत भांडणे म्हणजे लढणे, ‘किल्ला भांडवला’ म्हणजे किल्ला लढवला. पुरंदराला हे क्रियापद शोभून दिसेल. ‘दारू’ म्हणजे तोफेची दारू, ‘दारूखाना’ म्हणजे दारूगोळ्याचे कोठार; संवादात हा शब्द आला की प्रेक्षागृहात खसखस पिकणार हे गृहीत धरा आणि गंभीर प्रसंगी ‘दारूगोळा’ वापरा. ‘उखळी तोफ’ गोळा वर उडवून तटापलीकडे टाकते. ‘कुलपी गोळा’ म्हणजे आत दारू भरलेला, फुटणारा गोळा.

गोलंदाज तुम्ही उताऱ्यात घातला नाहीत, बहुधा प्रेक्षकांना क्रिकेट आठवेल म्हणून. घाला बिनधास्त. गोळा फेकणारा तो गोलंदाज. हाच मूळ अर्थ, मैदानावर तो नंतर गेला, आणि त्याच्या जोडीला ‘फलंदाज’ घडवला गेला. तोफ ‘सर’ होते आणि किल्लाही ‘सर’ होतो : पहिल्यात ती उडते, दुसऱ्यात तो पडतो.

गनिमी काव्याबद्दल जरा थांबून बोलायला हवे. गनीम म्हणजे शत्रू. मोगलांच्या लिखाणात मराठे गनीम, मराठ्यांच्या पत्रांत मोगल गनीम. कावा हा घोडेस्वारीतला शब्द : घोड्याला गोल फिरवणे, वळवणे, त्यावरून हुलकावणी, डाव. तेव्हा ‘गनिमी कावा’ म्हणजे गनिमाची लढायची रीत, आणि आपण ती अभिमानाने आपली म्हणून मिरवतो, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. पण महत्त्वाचा मुद्दा असा की गनिमी कावा ही विशिष्ट रीत आहे. हलक्या घोडदळाने अंगावर जायचे, तुटून पडायचे, पसार व्हायचे, रसद तोडायची, शत्रूला वाटेल तिथे आणि वाटेल तेव्हा लढू द्यायचे नाही. तिच्या उलट ‘गोलाची लढाई’. गोल म्हणजे फौजेचा एकसंध, दाट जमाव. तो बांधून, तोफा धरून, जागेवर उभे राहून लढायचे. पानिपतापूर्वी होळकरांसारखे जुने सरदार आणि भाऊसाहेब यांच्यात वाद होता तो याच दोन रीतींचा. ‘गोल फुटला’ म्हणजे वर्तुळ मोडले नव्हे. जमाव फुटून पळापळ सुरू झाली, लढाई गेली.

पुरंदरावर काय झाले? वेढ्यात अडकलेल्या गडाला गनिमी कावा करता येत नाही; पळायला जागाच नसते. मुरारबाजी सातशे माणसे घेऊन दरवाजा उघडून थेट खानाच्या गोटावर तुटून पडले, तो उघड एल्गार. ‘एल्गार’ म्हणजे सगळ्यांनी एकदम केलेली चढाई. रात्री झोपेत गाठले तर तो ‘छापा’, आणि त्याचे चोख उदाहरण दोन वर्षे आधीचे, लाल महालात शाहिस्तेखानावर घातलेला. छापा, एल्गार, हल्ला हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. त्या काळचा लिहिणारा सहसा वापरत नाही. त्याला वेळ, अंतर आणि माणसांची संख्या माहीत असते आणि शब्दातून तो ती सांगतो.

आणि ‘शिकस्त’. ‘मराठ्यांनी शिकस्त केली’ हे आज प्रयत्नांची पराकाष्ठा म्हणून ऐकू येते. शिकस्त म्हणजे मोड, पराभव. जुन्या पत्रात ‘फौज शिकस्त झाली’ म्हणजे फौज हरली. तुमच्या वाक्याचा जुना अर्थ धरला तर मराठ्यांनी मोगलांना हरवले असा होतो, आणि पुरंदरावर तसे झाले नाही. पुरंदराचा जोडकिल्ला वज्रगड एप्रिलमध्ये पडला, मुरारबाजी पडले, सफेद बुरूज गेला, आणि जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख द्यावा लागला, बारा किल्ले राहिले. मुरारबाजींसाठी ‘शहीद’, ‘हुतात्मा’ हे शब्द संवादात नकोत. कागदांत येते ते ‘कामास आले’. आजच्या कानाला हे कोरडे वाटते, म्हणून बदलू नका. त्यातला कोरडेपणाच खरा आहे.

याच प्रसंगातला एक शब्द मात्र तुमच्या उताऱ्यात नाही आणि तो हवाच : कौल. सभासद सांगतो की दिलेरखानाने मुरारबाजींचे शौर्य पाहून त्यांना ‘कौल घे’ म्हटले, आणि मुरारबाजींनी उत्तर दिले, ‘तुझा कौल म्हणजे काय? मी शिवाजी महाराजांचा शिपाई, तुझा कौल घेतो की काय?’ कौल म्हणजे अभयाचे वचन. शरण ये, जीव आणि मान राखतो. गावाला कौल दिला म्हणजे लुटणार नाही असे लिहून दिले. आज मतदार कौल देतात आणि देवाला कौल लावतात. त्यामुळे नुसते ‘कौल घे’ म्हटल्यावर प्रेक्षकाला कळणार नाही. म्हणून आधीच्या प्रवेशात एखाद्या गावकऱ्याच्या तोंडी कौलाची गोष्ट आणा, म्हणजे या ठिकाणी समजावत बसावे लागणार नाही.

तर उतारा साधारण असा होईल :

‘दिलेरखानाने पुरंदरास वेढा घातला, मोर्चे लावले, दमदमा उभा केला. गडावर शिबंदी होती आणि मुरारबाजींच्या हाताखालचे नामजाद लोक होते. खालून तोफा आणि बाण, वरून भांडी आणि तोड्याच्या बंदुका. वज्रगड गेला, सफेद बुरूज गेला, मुरारबाजी कामास आले. पण गड भांडत राहिला.’

बारगीर काढून टाकले, कारण वेढ्यातल्या गडावर घोड्यांचे काम नाही. हवे असतील तर बाहेर ठेवा, मोगलांची ‘कही’ मारताना. कही म्हणजे घोड्यांसाठी गवत-दाणा आणायला छावणीबाहेर पडलेली टोळी. तिला कापले की समोरची फौज आठवड्यात अर्धी होते. कहीवरचे हल्ले ही मराठी लढाईची खरी नस आहे आणि नाटक-सिनेमांत ती जवळपास कुठेच दिसत नाही. त्याचे कारण उघड आहे. गवताच्या भाऱ्यांवरून चाललेली मारामारी कोणाला भव्य वाटणार?

पुढे उपयोगी पडतील असे आणखी काही शब्द. ‘बिनी’ म्हणजे फौजेच्या सर्वांत पुढची तुकडी; बिनीवाले आडनाव त्यातले, आणि ‘बिनीचे शिलेदार’ हा वर्तमानपत्री प्रयोगही. पिछाडीची ती ‘चंदावल’. रात्री छावणीभोवती फिरणारा पहारा तो ‘छबिना’; आज तुळजापूरला आणि गावोगावच्या जत्रांत देवाचा छबिना निघतो. ‘पाखर’ म्हणजे घोड्याचे किंवा हत्तीचे चिलखत, आपण मायेची पाखर घालतो ती. फौजेबरोबरचा न लढणारा पसारा, म्हणजे बायकापोरे, व्यापारी, नोकरचाकर, सामानाचे बैल, तो सगळा ‘बुणगा’. पुढे ‘बाजारबुणगे’ ही शिवी झाली. ‘ढाल’ दोन आहेत. एक हातातली, दुसरी फौजेचे मोठे निशाण. ती ज्या हत्तीवर चाले तो ‘ढालगज’. ढाल जिकडे जाईल तिकडे फौज जाणार, ढाल थांबली की तळ पडणार. आता ‘ढालगज भवानी’ कोणाला म्हणतात ते मी लिहीत नाही, पण त्या शब्दात अजूनही सगळ्यांच्या पुढे छाती काढून चालण्याचा अर्थ शिल्लक आहे.

फारसी शब्द काढून शुद्ध मराठी घालावे का, असे तुम्ही पत्रात शेवटी विचारले आहे. माझे मत : १६६५ मध्ये नाही. महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात शस्त्रे, चतुरंग सेना, दुर्ग यांचे वेगळे वर्ग करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हे खरे. राज्याभिषेकानंतर सरनोबताचा सेनापती झाला तोही त्याच धोरणातून. पण ती दरबाराची भाषा. तटावरचा माणूस तेव्हाही आणि नंतरही सरनोबत, हवालदार, दारू, तोफच म्हणत होता. पेशवाईतली पत्रे याला साक्ष आहेत. दरबाराच्या प्रवेशात, तोही १६७४ नंतरचा असेल तर, संस्कृत ठेवा. वेढ्याच्या प्रवेशात रयतेची आणि शिपायाची भाषा.

शिकायचे कुठून? कोशापासून सुरू करू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मी रोज उघडतो, पण तो पेशवाई बुडाल्यावर तयार झाला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात अठराव्या शतकाअखेरचे अर्थ भरपूर सापडतात, शिवकालीन अर्थ सापडेलच असे नाही. आधी सभासद वाचा. लहान आहे, दोन बैठकांत होतो, आणि लिहिणारा त्या पिढीतला आहे, जरी त्याने ते १६९७ मध्ये जिंजीला बसून लिहिले असले तरी. मग रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले दुर्गांचे आणि आरमाराचे प्रकरण. माची, पडकोट, जिभी, जंग्या हे किल्ल्याच्या बांधणीतले शब्द तिथे कामाला लागलेले दिसतात, यादीत पडलेले नाही. त्यानंतर छापील पत्रसंग्रह, आणि बाकीच्या बखरी सर्वांत शेवटी. बऱ्याच बखरी घटनेनंतर पन्नास-शंभर वर्षांनी लिहिलेल्या असतात, आणि बखरकार आपल्या काळाचे शब्द मागच्या काळाला बेलाशक चिकटवतो. तुम्हाला १६६५ च्या गडावर गारदी भेटले ते बहुधा अशाच वाटेने.

शब्द सापडला की एका वहीत तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य उतरवा, आणि समोर कागदाची तारीख. अर्थ लिहू नका. पाच-सहा वाक्ये जमली की अर्थ आपोआप दिसतो, आणि बहुतेक वेळा तो कोशातल्यापेक्षा अरुंद निघतो. ‘हवालदार’साठी असे एक पान केलेत तर त्यात किमान तीन वेगळे अधिकारी भेटतील. दुसऱ्या अंकाचा मसुदा पाठवाल तेव्हा ती पानेही सोबत पाठवा, मी वाक्ये ताडून पाहीन.